दुव्यामागचं वाक्य: लाल विंचवाच्या संशोधनाचं सायटेशन-जाळं बांधताना

लाल विंचू चावलेल्या रुग्णाला प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्यावं, प्रतिविष द्यावं की दोन्ही, हा प्रश्न कोकणातल्या डॉक्टरांसाठी कधीच पुस्तकी नव्हता. डंखानंतर उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, आणि गंभीर रुग्णात पुढे फुप्फुसात पाणी होणं, असा हा आजार. त्यावरचं संशोधन आकाराने लहान आहे, त्यातले मतभेद खोल आहेत आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्रातून लिहिला गेला आहे. सायटेशन-जाळं, म्हणजे कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा आधार घेतला याचा नकाशा, बांधून त्यातल्या प्रत्येक दुव्यामागचं वाक्य वाचायचं, त्यावर हाताने खूण करायची, असं ठरल्यावर आम्ही हाच विषय घेतला. मधुमेह किंवा कर्करोग घेतला असता तर जाळं यंत्राने बांधून झालं असतं, पण वाक्यं वाचणं माणसांच्या आवाक्यात राहिलं नसतं. आणि वाक्यं न वाचता बांधलेल्या जाळ्यावर आमचा विश्वास नाही.

आधी या जाळ्यातले मोठे नोड, म्हणजे लेख, सांगायला हवेत. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होतं याची नोंद पी. एम. मुंडले यांनी १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा लाल विंचवाच्या दंशातल्या हृदयविषयक पूर्वलक्षणांवरचा लेख १९८२ साली लॅन्सेटमध्ये आला, आणि प्राझोसिनवरचं बावस्कर दांपत्याचं लेखन १९८६ साली त्याच नियतकालिकात. १९९९ साली पुन्हा लॅन्सेटमध्येच ट्युनिशियातली ८२५ रुग्णांची चाचणी छापली गेली. दंश किती गंभीर आहे हे न पाहता सरसकट प्रतिविष दिल्याने निष्पत्तीत फरक पडत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ॲरिझोनातल्या १५ अत्यवस्थ मुलांची चाचणी आली. प्रतिविष मिळालेली ८ही मुलं चार तासांत लक्षणमुक्त झाली, दुसऱ्या गटातल्या ७ पैकी एकच. २०११ साली महाडची चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. तिच्यात दुसऱ्या श्रेणीची लक्षणं असलेले ७० रुग्ण होते. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८.

तीन चाचण्या, तीन भूभागांतले विंचू, आणि विचारलेले प्रश्नही तीन. ट्युनिशियात अँड्रोक्टोनस आणि ब्युथस, ॲरिझोनात सेंट्रुरॉइडिस, महाडला लाल विंचू. विष वेगळं, लक्षणांचा कल वेगळा, प्रतिविष तर वेगळंच. आता एखाद्या लेखात ‘विंचूदंशात प्रतिविषाचा उपयोग वादग्रस्त आहे’ असं एक वाक्य येतं आणि त्यापुढे तिन्ही चाचण्यांचे क्रमांक एका कंसात पडतात. जाळ्यात त्याचे तीन सारखे दुवे होतात. कोणत्या विंचवाबद्दल, किती आजारी रुग्णाबद्दल, हे त्या क्षणी पुसलं जातं. आमचं सगळं काम हे पुसलेलं परत लिहून काढण्याचं आहे.

सुरुवात यादी गोठवण्यापासून होते. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीवर शोध घ्यायचा, कोणते लेख आत आणि कोणते बाहेर हे ठरवायचं, आणि त्या तारखेची प्रत जपून ठेवायची. पबमेडच्या नोंदी दुरुस्त होतात, एकत्र होतात, क्वचित काढूनही टाकल्या जातात. त्यामुळे तारीख न लिहिलेली यादी पुढच्या माणसाला पुन्हा उभी करता येत नाही. यंत्राकरवी विचारणा करताना किल्लीशिवाय (नोंदणी करून मिळणाऱ्या संकेताशिवाय) सेकंदाला ३ आणि किल्ली घेतल्यास १० विचारणा हीच मर्यादा आहे. एवढ्या छोट्या विषयाला ती पुरते.

शोधशब्दांवर मात्र वेळ घालवावाच लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मेश ही विषयशीर्षकांची सूची १९६० पासून चालत आली आहे आणि दरवर्षी सुधारली जाते. ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ हे स्वतंत्र शीर्षक तिच्यात बरंच नंतर आलं. त्याआधीचे लेख ‘बाइट्स अँड स्टिंग्ज’ या मोठ्या शीर्षकाखाली, जोडीला ‘स्कॉर्पियन्स’ किंवा ‘स्कॉर्पियन व्हेनम्स’ असं लावून ठेवलेले आहेत. नवं शीर्षक आलं म्हणून जुन्या नोंदी सहसा मागे जाऊन पुन्हा वर्गीकृत केल्या जात नाहीत. नुसतं नवं शीर्षक घालून शोधणाऱ्याच्या हातून ऐंशीचं दशक, म्हणजे या विषयाचा पायाच, निसटतो. आम्ही दोन्ही काळांची शीर्षकं आणि शिवाय शीर्षक-गोषवाऱ्यातले मोकळे शब्द असा तिहेरी शोध ठेवतो. २०२२ पासून मेशची शीर्षकं यंत्राकरवी लावली जातात, आणि यंत्र प्रामुख्याने शीर्षक आणि गोषवारा वाचतं. संपादकाला लिहिलेल्या पत्राला गोषवारा नसतो, म्हणून पत्रांच्या नोंदी हाताने उघडून पाहाव्या लागतात. विंचूदंशाच्या वाङ्मयात पत्रांचं वजन फार आहे, त्यांना किरकोळ समजून चालत नाही.

प्रजातीच्या नावाचा घोळ याहून मोठा. फॅब्रिशियसने १७९८ साली वर्णन केलेला हा विंचू वैद्यकीय लेखांत आधी ब्युथस टॅम्युलस म्हणून येतो, मग मेसोब्युथस टॅम्युलस म्हणून. २००७ साली कोव्हार्झिक यांच्या पुनरावलोकनानंतर तो हॉटेनटोटा टॅम्युलस झाला, पण वैद्यकीय लेखकांनी जुनं नाव सोडलं नाही. २०११ च्या महाडच्या चाचणीच्या शीर्षकातही मेसोब्युथसच आहे. शिवाय कोकणच्या नावावरून पडलेलं कॉन्कॅनेन्सिस हे उपप्रजातीचं नाव, ‘इंडियन रेड स्कॉर्पियन’ आणि नुसतं ‘रेड स्कॉर्पियन’ ही व्यवहारातली नावं. ही सगळी एका ओळखक्रमांकाखाली बांधली नाहीत तर एकाच प्राण्याचे चार प्राणी होतात.

उलटाही धोका आहे. ‘ब्युथस टॅम्युलस’ टाकून शोधलं की शरीरक्रियाशास्त्राचे पुष्कळ लेख येतात, ज्यांचा रुग्णाशी काही संबंध नसतो. याच विंचवाच्या विषातून आयबेरियोटॉक्सिन नावाचं प्रथिन वेगळं काढलं गेलं, आणि पोटॅशियमचे काही मार्ग अडवण्यासाठी प्रयोगशाळांतून ते सर्रास वापरतात. प्राझोसिनचंही तसंच. अल्फा-१ रिसेप्टर अडवायचं नेहमीचं साधन म्हणून ते हजारो प्रयोगांत आहे. त्यामुळे विंचू आणि औषध यांचा छेद घेऊनही शेवटी गोषवारे डोळ्यांखालून घालावेच लागतात. आमचा नियम साधा आहे: माणसावर झालेल्या दंशाबद्दल एक तरी विधान असेल तर लेख आत, नाहीतर बाहेर. प्राण्यांवरचे प्रयोग वेगळ्या यादीत, कारण माणसांवरचे लेख त्यांचा आधार घेतात तेव्हा तो दुवा ओळखता यायला हवा.

आता संदर्भ. कोणी कोणाचा आधार घेतला याची उघडी माहिती मिळणं दहा वर्षांपूर्वी कठीण होतं. २०१७ साली इनिशिएटिव्ह फॉर ओपन सायटेशन्स सुरू झाली, २०१९ साली अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेने पबमेड क्रमांकांवर आधारलेला आपला खुला सायटेशन-संग्रह आयसाइटमधून दिला, आणि २०२२ साली लेखांना डीओआय हा कायमचा ऑनलाइन क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफकडे जमा असलेले सगळे संदर्भ खुले झाले. आज दोन-तीन स्रोत जोडले की जाळ्याचा सांगाडा एका दुपारी उभा राहतो. पण तो सांगाडा भारतीय नियतकालिकांच्या बाजूने पोकळ असतो, आणि हे आकृती पाहून कळत नाही. जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियामधल्या पुष्कळ जुन्या लेखांना डीओआय नाही. डीओआय ते डीओआय असे दुवे मोजणाऱ्या संग्रहात असा लेख नोड म्हणून दिसतच नाही, मग त्याला कितीही जणांनी संदर्भात घेतलेलं असो. विंचूदंशावर लिहिणाऱ्या भारतीय डॉक्टरांनी आपले अनुभव याच नियतकालिकांत लिहिले. म्हणून प्रत्येक लेखाची संदर्भसूची मूळ पानावरून घेऊन, यंत्राने न जुळवलेल्या ओळी बाजूला काढून हाताने जुळवणं, ही पायरी आम्ही गाळत नाही.

जुळवण्यासाठी राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं साधन आहे. नियतकालिक, वर्ष, खंड, पहिलं पान, लेखकाचं आडनाव असे रकाने उभ्या रेघांनी तोडून दिले की ते पबमेड क्रमांक परत देतं. ते कुठे अडतं ते ठरावीक आहे. लॅन्सेटचे खंड पूर्वी वर्षागणिक १ आणि २ असे मोजले जात. पबमेडमध्ये आणि जुन्या संदर्भसूच्यांत १९८२ च्या पूर्वार्धाचा खंड ‘१’ आहे, प्रकाशकाच्या सलग मोजणीत तोच खंड ३१९ आहे. १९८६ च्या पूर्वार्धाचा खंड एकीकडे १, दुसरीकडे ३२७. खंडावरून जुळवणी केली की एकाच लेखाचे दोन नोड होतात आणि त्याला मिळालेली सायटेशन्स दोघांत वाटली जातात. बावस्करांचे दोन्ही लॅन्सेट लेख नेमके या पट्ट्यात येतात. यावर उपाय म्हणजे लॅन्सेटपुरता रूपांतराचा तक्ता आधीच करून ठेवायचा. १९९९ च्या ट्युनिशियाच्या चाचणीला ही अडचण नाही, कारण तोवर छापील अंकावरच सलग मोजणीचा ३५४ हा खंड पडू लागला होता.

पत्रांची आणखी एक गंमत नसलेली गोष्ट: एका पानावर दोन-तीन पत्रं सुरू होतात. वर्ष, खंड, पान तिन्ही बरोबर असूनही शेजारचं पत्र जुळतं. आडनाव जुळल्याशिवाय पत्राची जुळणी मान्य करायची नाही. आडनावांबद्दल सांगायचं तर बावस्कर हे नाव या वाङ्मयात ठळक आहे, चुकत नाही. पण पाटील, जोशी, कुलकर्णी यांच्या पुढे एकच आद्याक्षर असेल तर पबमेड तुम्हाला वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या शाखांतली माणसं एकत्र करून देतं. पबमेडच्या मुख्य भागात, म्हणजे मेडलाइनमध्ये, लेखकांची पूर्ण नावं २००२ पासूनच नोंदली जातात, त्याआधी फक्त आद्याक्षरं. दक्षिणेकडची नावं तर एकाच लेखकाची तीन प्रकारे उलटसुलट छापलेली सापडतात. स्वतःच्याच आधीच्या लेखाचा संदर्भ दिलेला आहे का हे तपासायचं असेल तर ही नावं आधी निस्तरावी लागतात.

सांगाडा झाला की एक स्वस्त चाचणी: आधार घेणारा लेख आधार दिलेल्या लेखापेक्षा जुना निघतोय का? असे दुवे बहुतेक वेळा चुकीच्या जुळणीचे असतात. थोडे खरेही असतात, कारण छापण्याआधी ऑनलाइन आलेले लेख एकमेकांचा आधार घेऊ शकतात. ते हाताने तपासून, कोणती तारीख धरली ते लिहून ठेवायचं.

यापुढचं काम वाक्यं काढण्याचं. पबमेड सेंट्रलमध्ये खुल्या लेखांची एक्सएमएल प्रत असेल तर प्रत्येक संदर्भक्रमांकाला खूण असते आणि वाक्य सहज सापडतं. तरी एक जागा फसवी आहे. ‘१२–१५’ असं छापलेलं असेल तेव्हा खूण पुष्कळदा फक्त १२ आणि १५ ला असते. मधले १३ आणि १४ कुठेच नोंदलेले नसतात. अशा पट्ट्या उलगडणारा नियम लिहिला नाही तर गटाने दिलेले संदर्भ, म्हणजे जिथे बेफिकिरी जास्त असते तेच, गळतात. एक्सएमएल नसेल तर पीडीएफमधला मजकूर ग्रोबिड या साधनातून काढतो. जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं असतील तर दोन स्तंभांतल्या ओळी एकमेकांत मिसळतात, आणि वर चढवलेला संदर्भक्रमांक आकड्याला चिकटतो. ‘३५ रुग्ण’ आणि संदर्भ ४ मिळून ‘३५४ रुग्ण’ झाले की ते मजकूर वाचूनच कळतं. तसले लेख आम्ही टंकून घेतो. संख्या थोडी असते आणि चूक महाग.

मजकुरातल्या नावांवर खुणा करायला तयार साधनं आहेत. पबटेटर जनुक, आजार, रसायन, प्रजाती, उत्परिवर्तन आणि पेशीवंश अशा सहा प्रकारांच्या खुणा गोषवाऱ्यांवर करून देतो. त्याने सुरुवात करावी, त्यावर थांबू नये. या विषयातले सापळे आधीच माहीत असले तर तपासणी लवकर होते. ‘स्टिंग’ म्हणजे इथे डंख, पण स्टिंग हे प्रतिकारशक्तीशी संबंधित एका जनुकाचंही नाव आहे, आणि सगळी मोठी अक्षरं वापरून छापलेल्या शीर्षकात दोन्ही अगदी सारखे दिसतात. ‘एएसव्ही’ हे संक्षिप्त रूप भारतात सर्पदंशाच्या प्रतिविषासाठी रुळलेलं आहे, विंचवावरच्या लेखात तेच विंचवाच्या प्रतिविषासाठी येऊ शकतं. प्रत्येक लेखात संक्षिप्त रूप पहिल्यांदा कुठे फोडलंय ते शोधून त्या लेखापुरताच अर्थ धरायचा. प्रतिविषाला तीन-चार इंग्रजी शब्द आहेत, मेशमध्ये ‘अँटिव्हेनिन्स’ हे शीर्षक आहे. ते सगळे एका संकल्पनेखाली, पण कोणत्या विंचवाविरुद्धचं हे वेगळ्या रकान्यात.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सगळं काम वाया घालवू शकते. खुणा मजकुराबाहेर ठेवल्या जातात, ‘अमुकव्या अक्षरापासून तमुकव्या अक्षरापर्यंत’ अशा. ब्रॅट हे खुणा करायचं साधन अक्षरं मोजतं, काही साधनं बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीची घरं, मोजतात. प्राझोसिनची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये लिहितात आणि त्यातला म्यू (µ) मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत दोन बाइटांचा असतो. बाइट आणि अक्षरं यांची गल्लत झाली की प्रत्येक म्यूनंतर पुढच्या सगळ्या खुणा एकेका घराने सरकतात. युनिकोडमध्ये म्यूची चिन्हंही दोन आहेत, एक मापनाचं आणि एक ग्रीक अक्षर. दोन्ही एक करण्यासाठी मजकुराचं सामान्यीकरण केलं तर वर चढवलेले संदर्भक्रमांक साधे आकडे होऊन बसतात. म्हणून शब्द शोधण्यासाठी एक प्रत सामान्य करून घ्यायची, आणि खुणा मात्र मूळ, न हलवलेल्या प्रतीवरच ठेवायच्या.

आता खरं काम. एकक कोणतं धरायचं हे आधी ठरवावं लागतं. लेखांची जोडी हे एकक पुरत नाही. एकाच लेखात प्रस्तावनेत एक आणि चर्चेत दुसऱ्याच अर्थाने तोच संदर्भ येतो, कधी एका वाक्यात दोनदा येतो. आमची प्रत्येक ओळ म्हणजे आधार घेणारा लेख, आधार दिलेला लेख आणि जागा, अशी तिघांची. वाक्याच्या मागचं आणि पुढचं एकेक वाक्य सोबत दाखवायचं. त्याहून जास्त दाखवलं तर ॲनोटेटर, म्हणजे खुणा करणारी माणसं, लेखाचा एकूण सूर वाक्यावर लादतात, कमी दाखवलं तर ‘ते’ आणि ‘हे औषध’ कशाला उद्देशून आहे ते कळत नाही.

ओळीत भरायच्या गोष्टी पाच. दावा कोणता: प्राझोसिन उपयोगी आहे, प्रतिविष उपयोगी आहे, प्रतिविष उपयोगी नाही, लक्षणं किंवा प्रमाण याबद्दलची पार्श्वभूमी, किंवा पद्धत. वाक्याचा कल: पाठिंबा, विरोध, तटस्थ. प्रजाती: वाक्यात सांगितलेली, लेखाच्या संदर्भावरून उघड, किंवा सांगितलेली नाही. आधार दिलेला लेख कोणत्या जातीचा पुरावा आहे: रुग्णमालिका, यादृच्छिक चाचणी, परीक्षणलेख, पत्र. आणि शेवटी निष्ठा, म्हणजे वाक्य जे म्हणतं ते मूळ लेखात आहे का.

पहिल्या तीन गोष्टी वाक्यावरून भरतात. पाचवीसाठी मूळ लेख उघडून वाचावा लागतो, आणि ती भरताना त्या लेखाला किती सायटेशन्स आहेत हे ॲनोटेटरला दिसू द्यायचं नाही. लेख प्रसिद्ध आहे हे कळलं की माणूस त्याला झुकतं माप देतो. निष्ठेचे प्रकार ठरवताना स्टीव्हन ग्रीनबर्ग यांचा २००९ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला अभ्यास आम्हाला फार उपयोगी पडला. स्नायूंच्या एका आजारात बीटा-अमायलॉइड स्नायूंना इजा करतं या समजुतीचं जाळं त्यांनी बांधलं: २४२ लेख, त्या समजुतीशी संबंधित ६७५ सायटेशन्स. मूळ पुराव्याकडे गेलेल्या २१४ सायटेशन्सपैकी ९४ टक्के समजुतीला पाठिंबा देणाऱ्या चार लेखांकडे गेली होती. तिला कमकुवत करणाऱ्या किंवा खोडणाऱ्या सहा लेखांच्या वाट्याला ६ टक्के. ज्या लेखात त्या विषयावर काही नाहीच त्याचा आधार देणं, विरुद्ध अर्थ काढणं, आणि गृहीतकाचं नुसत्या पुनरुच्चाराने तथ्य होणं, हे प्रकार त्यांनी वेगळे करून दाखवले. आम्ही ते तिन्ही घेतले आणि आपल्या विषयासाठी चौथा जोडला: व्याप्ती वाढवणं. ट्युनिशियाच्या चाचणीने ‘गंभीरता न पाहता सरसकट दिलेल्या’ प्रतिविषाबद्दल सांगितलं. समजा एखादं वाक्य त्यावरून ‘विंचूदंशात प्रतिविष निरुपयोगी आहे’ म्हणत असेल, तर ते खोटं बोलत नाही, पण दोन अटी गाळतं, गंभीरता आणि प्रजाती. हा प्रकार वेगळा नोंदला नाही तर तो ‘जुळतं’ मध्ये जातो.

अटी गळाल्याने काय होतं याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण दुसऱ्या विषयातलं आहे. १९८० साली पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं गेलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, असं त्यात होतं. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्या पत्राचा आधार घेणारे ६०८ लेख वाचून खुणा केल्या. ४३९ लेखांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि ४९१ लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही अट सांगितलीच नव्हती. फक्त आकडा पाहिला असता तर ते एक भरपूर आधार घेतलेलं पत्र, एवढंच दिसलं असतं.

दोन ॲनोटेटर स्वतंत्रपणे काम करतात, एक वैद्यकीय पार्श्वभूमीचा, एक माहितीशास्त्रातला. त्यांच्या सहमतीची टक्केवारी पाहून समाधान मानू नये. समजा २०० वाक्यं आहेत, लेबलं दोनच, ‘तटस्थ’ आणि ‘बाजू घेणारं’. दोघांनीही १६० वाक्यांना तटस्थ म्हटलं आणि १७० ठिकाणी, म्हणजे ८५ टक्के, त्यांचं एकमत झालं. नुसत्या योगायोगाने जुळायची अपेक्षा ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८. कोहेनचा कॅपा, म्हणजे योगायोग वजा करून उरलेली सहमती, मग ०.८५ वजा ०.६८ भागिले ०.३२, म्हणजे साधारण ०.५३. ८५ टक्के ऐकायला छान आहे, पण नियमावली अजून कच्ची आहे असा त्याचा अर्थ. कॅपा प्रत्येक रकान्याचा वेगळा काढायचा. दावा आणि पुराव्याची जात यांत तो लवकर चढतो. कल आणि निष्ठा यांत हटून बसतो, कारण वैद्यकीय इंग्रजीत ठाम न बोलण्याची पद्धत आहे. ‘उपयोगी ठरू शकेल’, ‘उपयोगी असल्याचं सांगितलं गेलं आहे’ ही पाठिंब्याची वाक्यं की तटस्थ? आमच्या नियमावलीत याचं उत्तर असं आहे: लेखकाने त्या विधानावर पुढची कृती किंवा शिफारस उभी केली असेल तर पाठिंबा, नसेल तर तटस्थ. हा नियम लिहिल्यावर आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा पाहाव्या लागतात. मधे नियम बदलून जुन्या खुणा तशाच ठेवल्या तर एका फाइलमध्ये दोन वेगळी मोजमापं राहतात. मतभेद उरलेल्या ओळी तिसऱ्या व्यक्तीकडे जातात, आणि तिच्या निर्णयासोबत मूळ दोन खुणाही जपायच्या. वादाची जागा हीसुद्धा माहिती आहे.

स्वतःच्या लेखांचे संदर्भ वेगळे रंगवायचे, वगळायचे नाहीत. जिथे एका आजारावर मोजकेच गट काम करतात तिथे आधीच्या कामाचा आधार स्वतःचाच असणार. तालुक्याच्या गावी बसून वर्षानुवर्षं रुग्ण नोंदवणाऱ्या डॉक्टरला त्याबद्दल दोष देणं अन्याय आहे. मात्र बाहेरच्या गटांनी किती आधार घेतला हा आकडा वेगळा दिसायला हवा.

मग आकृती. मुख्य मार्ग, म्हणजे जाळ्यातली सगळ्यात ठळक साखळी, काढायची रीत हमन आणि डोरियन यांनी १९८९ साली मांडली, पाजेक या जाळं-विश्लेषणाच्या साधनात ती तयार मिळते. त्यासाठी जाळ्यात चक्र असता कामा नये, म्हणून वर सांगितलेली तारखांची तपासणी. सगळे दुवे सारखे धरून काढलेला मार्ग आणि ‘पार्श्वभूमी’चे दुवे काढून टाकल्यावरचा मार्ग, असे दोन्ही काढून शेजारी ठेवायचे. परीक्षणलेख पहिल्यात फुगतात, कारण ते सगळ्यांचा आधार घेतात आणि सगळे त्यांचा. त्यांना मधून उचलून, वाक्य शेवटी कोणत्या रुग्णांच्या नोंदीपर्यंत पोचतं हे पाहिलं की जाळं उपयोगाचं होतं. शेवटी प्रजातीनुसार दुवे गाळायचे: फक्त लाल विंचू, फक्त सेंट्रुरॉइडिस, फक्त उत्तर आफ्रिकेतले.

फाइल देताना ओळीओळीला दोन्ही लेखांचे पबमेड क्रमांक, डीओआय असल्यास तो, विभाग, वाक्याची जागा, पाच रकाने, दोन्ही ॲनोटेटरांच्या खुणा आणि अंतिम निर्णय, यादी गोठवल्याची तारीख आणि नियमावलीची आवृत्ती असते. वाक्याचा मजकूर फक्त मुक्त परवान्याच्या लेखांचा द्यायचा, बाकीच्यांची जागाच द्यायची. क्रमांकांचा रकाना स्प्रेडशीटमध्ये मजकूर म्हणून उघडायचा, नाहीतर ‘१२-१५’ची तारीख होते. नवे लेख आले की फक्त नव्या ओळी ॲनोटेटरांकडे जातात, पण प्रजातीचं नाव पुन्हा बदललं तर समानार्थी नावांची यादी सुधारून शोध पहिल्यापासून चालवावा लागतो. प्रजातीचा रकाना कोणालाही रिकामा ठेवता येत नाही. वाक्यात नसेल तर ‘सांगितलेली नाही’ असं त्यात लिहावंच लागतं.